सुरखीवरचे ठसे

पॅरिसहून परतल्यावर बॅग उपसताना बायकोने माझे बूट दोन बोटांत धरून वर केले. तळव्याच्या खाचांत लालसर भुकटी बसली होती आणि मोज्यांवर घोट्यापाशी तिचाच गेरवा पट्टा उमटला होता. "टेनिस बघायला गेला होतास की बांधकामावर?" असं विचारून तिने चिमूटभर भुकटी बोटांत चोळून पाहिली. तिचे वडील बांधकाम खात्यात ओव्हरसियर. शाळेच्या सुट्टीत ती त्यांच्याबरोबर साइटवर जायची. म्हणाली, "अरे, ही माती कुठली? ही तर सुरखी आहे."

तिचं बरोबर होतं. फ्रेंच ओपन ज्या कोर्टांवर खेळतात त्यांना इंग्रजीत 'क्ले' म्हणतात, आपण 'लाल माती' म्हणतो आणि फ्रेंच लोक 'तेर बात्यू' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ चोपलेली जमीन. तिन्ही नावं थोडीथोडी फसवी आहेत. डोळ्यांना जे लाल दिसतं तो भाजलेल्या विटांचा चुरा, जुन्या वाड्यांच्या चुन्यात कालवायचे तोच. त्याची जाडी जेमतेम एक ते दोन मिलिमीटर. खाली सहा-सात सेंटिमीटर पांढऱ्या चुनखडीचा भुगा, रोलर फिरवून दगडासारखा दाबलेला. त्याखाली जळक्या कोळशाचा खंगर, मग खडी, आणि अगदी तळाशी पाणी झिरपून जावं म्हणून घातलेले दगड. म्हणजे घर बांधायला घेतलं आणि जोत्यावरच थांबलं, असा प्रकार. चेंडू आपटतो तो खरं तर चुनखडीवर. लाली वरवरची, पण सगळी गंमत त्या वरवरच्या लालीचीच.

ही विटांची भुकटी टेनिसमध्ये आली कशी, याची एक गोष्ट सांगतात. विल्यम आणि अर्नेस्ट रेनशॉ हे इंग्रज जुळे भाऊ विम्बल्डन गाजवणारे. १८८०च्या सुमारास ते दक्षिण फ्रान्सात कान इथे, म्हणजे आज चित्रपट महोत्सवासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात, टेनिस शिकवायचे. भूमध्य समुद्रकाठच्या उन्हात त्यांचं गवत करपून जाई. शेजारच्या व्हालोरिस गावात कुंभारांची वस्ती होती. तिथली फुटकी, भट्टीत बिघडलेली मडकी कुटून ती भुकटी त्यांनी करपल्या गवतावर पसरली. टेनिसच्या सगळ्यात अवघड कोर्टाचा जन्म असा कुंभाराच्या उकिरड्यातून झाला.

लाल माती म्हटलं की मराठी माणसाला कोल्हापूरची तालीम आठवणार. मलाही आठवली. पण साम्य रंगापुरतंच आहे. आखाड्याची माती ताक-तेल-हळद घालून मऊ केलेली असते, पाठ टेकली तर लागू नये म्हणून. रोलाँ गारोसची, म्हणजे फ्रेंच ओपनच्या मैदानाची, माती कुणाची काळजी घेत नाही. तिच्यावर पडलेल्या खेळाडूचं कोपर सोलवटतं आणि सदऱ्यावर जो डाग पडतो तो सामना संपेपर्यंत मिरवावा लागतो.

मी गेलो होतो मे २०२५ मध्ये, पात्रता फेरीच्या आठवड्यात. मुख्य स्पर्धेची तिकिटं माझ्या खिशाबाहेरची होती, हे खरं कारण. पण आता वाटतं, तोच आठवडा बरा. मेट्रोच्या दहा नंबरच्या लाइनवर पोर्त दोतॉयला उतरायचं आणि चेस्टनटच्या झाडांखालून गर्दीबरोबर चालत राहायचं. पुरुषांत १२८ आणि स्त्रियांत १२८ खेळाडू. ओळीने तीन सामने जिंकले तर मुख्य स्पर्धेत प्रवेश, आणि जागा दोन्हीकडे सोळा-सोळाच. बाहेरच्या कोर्टांवर खेळाडू आणि आपण यांच्यात एक कठडा आणि दोन पावलं. श्वास ऐकू येतो. पायाची खसस्स ऐकू येते.

ही खसस्स हेच तिथलं खरं संगीत. सिमेंटच्या कोर्टावर बूट चिरकतात, इथे ते घसरतात. नवशिका आधी चेंडूपाशी पोचतो, फटका मारतो आणि मग घसरत जातो. त्याला परत यायला उशीर होतो. मातीत वाढलेला खेळाडू दोन-तीन पावलं आधीच घसरायला लागतो. घसरण संपते तिथे चेंडू आणि रॅकेट भेटतात, आणि त्याच क्षणी त्याचा पाय परतीच्या दिशेला वळलेला असतो. माझ्यासमोर खेळणारी एक मुलगी हे इतक्या सहज करत होती की बैलगाडी उतारावर चाक धरून सोडावी तसं वाटलं. ती हरली. कुठल्या देशाची होती हेही आता आठवत नाही. बेसलाइनच्या मागे तिच्या पायांनी ओढलेल्या लांबच लांब रेघा मात्र आठवतात.

सेट संपला की दोन माणसं येतात. लांब दांड्याला बांधलेली जाडजूड जाळी खांद्यामागे ओढत कोर्टावर गोल गोल फिरतात, तुळशीवृंदावनाभोवती फिरावं तशी शांतपणे. एक जण कुंच्याने पांढऱ्या रेषा झाडून घेतो. तीन-चार मिनिटांत मघाचा तासभराचा झगडा पुसला जातो आणि कोर्ट पुन्हा कोरं होतं. ऊन तापलं तर नळीने पाणी मारतात. भुकटीला ओल धरून राहावी म्हणून कॅल्शियम क्लोराइडही टाकतात. हे मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं. पाणी जास्त झालं तर चेंडू जड होतो, कमी झालं तर भुकटी वाऱ्यावर उडते आणि प्रेक्षकांच्या मोज्यांवर जाऊन बसते. आमच्या लहानपणच्या तालुक्याच्या क्लबात मुरमाचं कोर्ट होतं. तिथला शिपाई सकाळी झारीने पाणी मारायचा, रूळ फिरवायचा आणि फक्कीने रेषा आखायचा. संध्याकाळी मामलेदारसाहेबांचा चेंडू खड्यावर पडून भलतीकडे गेला की बोलणी शिपाई खायचा. जाळी ओढणाऱ्या त्या फ्रेंच माणसांकडे बघताना तो शिपाई डोळ्यांसमोर आला.

या चुऱ्याने खेळ बदलतो तो टप्प्यामुळे. गवतावर चेंडू टप्पा पडल्यावर घसरून पुढे पळतो. विटांच्या कणांवर तो क्षणभर अडतो. पुढची धाव खर्ची पडते आणि चेंडू वर उसळतो. ताशी दोनशे किलोमीटरने आलेल्या सर्व्हिसची रग टप्प्यावरच उतरते आणि समोरच्याला एक जादा पाऊल मिळतं. टेनिसमध्ये एक पाऊल म्हणजे फार झालं. त्यामुळे इतर ठिकाणी ज्या फटक्यावर गुण संपतो तो फटका इथे परत येतो. एकच गुण दोनदा, कधी तीनदा जिंकावा लागतो.

म्हणूनच इथे हरलेल्यांची यादी जिंकलेल्यांच्या यादीइतकीच भारदस्त आहे. जिमी कॉनर्स, बोरिस बेकर, स्टेफान एडबर्ग, पीट सॅम्प्रास. एकालाही इथे एकेरीचं विजेतेपद मिळालं नाही. जॉन मॅकेन्रो १९८४च्या अंतिम सामन्यात इव्हान लेंडलविरुद्ध दोन सेटने पुढे होता आणि तरीही हरला. पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच लेंडलसमोर सतरा वर्षांचा मायकेल चँग उभा होता. दोन सेट गमावून त्याने दोन परत मिळवले होते, पण पायांत गोळे येत होते. तो केळी खात होता, पाणी पीत होता, बसलो तर उठता येणार नाही म्हणून दोन गेमच्या मधे उभाच राहत होता. पाचव्या सेटमध्ये त्याने गल्लीतल्या पोरासारखी हाताखालून सर्व्हिस टाकली. पुढे धावून आलेला जागतिक क्रमवारीतला पहिला खेळाडू गुण गमावून बसला. साडेचार तासांहून जास्त चाललेला तो सामना चँगने जिंकला, आणि पुढे स्पर्धाही. मला विचाराल तर या कोर्टाचा स्वभाव समजून घ्यायला ती एक सर्व्हिस पुरे आहे. इथे ताकदीपेक्षा चिवटपणा चालतो, आणि चिवटपणा थकला की लबाडीही चालते.

रोलाँ गारोस हा टेनिसपटू होता असा माझा कित्येक वर्षं समज होता. तो होता वैमानिक. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर १८८८ मध्ये जन्मलेला. २३ सप्टेंबर १९१३ रोजी त्याने विमानाने भूमध्य समुद्र न थांबता ओलांडला. तसं करणारा तो पहिला. पहिल्या महायुद्धात पंख्याच्या पात्यांमधून समोर गोळ्या झाडायची युक्ती त्याने वापरली. जर्मनांच्या हाती लागला, कैदेतून निसटला, पुन्हा उडायला लागला आणि ५ ऑक्टोबर १९१८ रोजी मारला गेला. दुसऱ्या दिवशी तो तीस वर्षांचा झाला असता.

त्याचं नाव इथे लागलं ते जागेच्या सौद्यातून. १९२७ मध्ये बोरोत्रा, ब्रुन्यों, कोशे आणि लाकॉस्त या चार फ्रेंच 'मस्केटियर्स'नी अमेरिकेत जाऊन डेव्हिस कप हिसकावून आणला. पुढच्या वर्षी अमेरिकन तो परत न्यायला येणार, आणि त्यांना खेळवायला साजेसं मैदान पॅरिसात नव्हतं. स्ताद फ्रान्से या क्लबाने जमीन दिली, पण अट घातली की मैदानाला आपल्या दिवंगत सभासदाचं, गारोसचं, नाव द्यायचं. १९२८ मध्ये काही महिन्यांत ते उभं राहिलं. अकरा वर्षांनी महायुद्ध पेटलं तेव्हा फ्रेंच सरकारने याच मैदानात परदेशी 'संशयितांना' डांबलं. लेखक आर्थर कोस्लर त्यांच्यातला एक होता. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली पेंढ्यावर झोपलेल्या त्या माणसांचा उल्लेख मैदानातल्या पर्यटकांच्या गर्दीत कुणी करत नाही.

सिमोन मात्यूचं नाव मात्र आता तिथे दिसतं. ओतॉयच्या वनस्पती उद्यानात काचेच्या हरितगृहांनी वेढलेलं पाच हजार आसनांचं कोर्ट २०१९ मध्ये सुरू झालं, ते तिच्या नावाचं. ही बाई सहा वेळा इथे अंतिम सामन्यात हरली. १९३८ मध्ये जिंकली, १९३९ मध्येही जिंकली. मग फ्रान्स पडलं. ती लंडनला गेली आणि द गॉलच्या स्वतंत्र फ्रेंच सेनेत स्त्रियांचं पथक तिने उभं केलं. सहा अंतिम सामने हरून सातव्यांदा उतरणाऱ्या बाईला लंडनच्या बॉम्बवर्षावाची काय भीती वाटणार!

स्त्री आणि पुरुष एकाच पंधरवड्यात एकाच मैदानावर खेळतात. पण एकाच मापाने मोजले जातात असं नाही. १९६८ मध्ये, पॅरिसात विद्यार्थ्यांचं आणि कामगारांचं आंदोलन पेटलेलं असताना, व्यावसायिक आणि हौशी अशा दोघांनाही खुली असलेली पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा इथेच झाली. पुरुष विजेत्याला, केन रोझवॉलला, १५,००० फ्रँक मिळाले. स्त्रियांसाठी बक्षीस होतं ५,००० फ्रँकचं, आणि जिंकलेली नॅन्सी रिची हौशी म्हणून नोंदलेली असल्याने तिला तेही घेता आलं नाही. सगळ्या फेऱ्यांत बक्षिसं समान व्हायला २००७ साल उजाडलं. २०२५ मध्ये एकेरीच्या दोन्ही विजेत्यांना प्रत्येकी २५ लाख ५० हजार युरो मिळाले आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला ७८ हजार.

पैसे सारखे झाले, पण दिवे सारखे झाले नाहीत. रात्रीच्या खास सत्रात एकच सामना असतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तो रोज पुरुषांचा होता. स्पर्धेची संचालक अमेली मोरेस्मो स्वतः एकेकाळची अव्वल खेळाडू. तिचं म्हणणं असं की स्त्रिया तीनपैकी दोन सेट खेळतात, सामना झटकन संपला तर तिकीट काढून आलेल्यांनी करायचं काय? ट्युनिशियाच्या ऑन्स जाबूरने यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. हिशोब संचालकांच्या बाजूचा असेलही. १९८८ मध्ये स्टेफी ग्राफने नताशा झ्वेरेवाला ६-०, ६-० असं ३४ मिनिटांत घरी पाठवलं होतं. पण १९९६ मध्ये हीच ग्राफ अरांचा सांचेझबरोबर तीन तासांहून अधिक झुंजली आणि तिसरा सेट १०-८ असा संपला. पुरुषांचे सरळ तीन सेटमधले कंटाळवाणे सामने मी रात्रीच्या सत्रात पुष्कळ पाहिले आहेत. त्या तिकिटांची चिंता कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

आता ज्यासाठी मी तिथे गेलो ती गोष्ट. चेंडूचा ठसा.

टप्पा पडतो तिथला चुरा बाजूला सरतो आणि एक लंबगोल खूण उमटते. चेंडू सपाट आला असेल तर लांबट, वरून कोसळला असेल तर गोलसर. चेंडू रेषेच्या आत की बाहेर यावर वाद झाला की पंच उंच खुर्चीवरून उतरतो, चालत जातो, कंबरेत वाकतो आणि बोट दाखवतो. मी पाहिला तो वाद उजव्या कोपऱ्यातला होता. खेळाडूने रॅकेटने ठशाभोवती वर्तुळ काढून ठेवलं होतं, पंचनाम्यात काढतात तसं. पंच बाई आल्या, वाकल्या, आणि त्या ठशाकडे न बघता चार बोटं पलीकडच्या दुसऱ्याच ठशाकडे बोट केलं. खेळाडूने कपाळावर हात मारला. खरी मेख ही आहे. माती खोटं बोलत नाही, पण तिच्यावर शेकडो ठसे असतात, आणि आपला कुठला हे माणसालाच ठरवावं लागतं.

५ जून १९९९चा स्त्रियांचा अंतिम सामना अशाच एका ठशावरून फिरला. अठरा वर्षांची मार्टिना हिंगिस एक सेट जिंकून दुसऱ्यात २-० ने पुढे होती. तिचा फटका बाहेर दिला गेला. तिला तो आत वाटला. ती जाळी ओलांडून थेट स्टेफी ग्राफच्या बाजूला गेली आणि ठशावर बोट ठेवलं. नियमात हे बसत नाही. आधी एक ताकीद मिळालेली असल्याने तिचा एक गुण कापला गेला. पॅरिसचे प्रेक्षक खवळले आणि पुढचा सगळा वेळ तिची हुर्यो उडवत राहिले. दुसऱ्या सेटमध्ये सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस करायची संधीही तिला मिळाली होती. ती निसटली आणि सामना तिने ४-६, ७-५, ६-२ असा गमावला. शेवटी तीही चँगसारखी हाताखालून सर्व्हिस करायला लागली, पण चँगच्या वेळी टाळ्या पडल्या होत्या, हिच्या वेळी शिट्ट्या. ती रडत मैदानाबाहेर गेली, आईने कुशीत धरून बक्षीस समारंभाला परत आणली. ग्राफचं ते शेवटचं ग्रँड स्लॅम विजेतेपद. हिंगिसला एकेरीत फ्रेंच ओपन कधीच मिळालं नाही.

त्याच वर्षी, त्याच मैदानावर, लिएंडर पेस आणि महेश भूपती पुरुष दुहेरी जिंकले. भारतीय जोडीचं ते पहिलं ग्रँड स्लॅम. त्याआधी १९९७ मध्ये भूपतीने जपानच्या रिका हिराकीबरोबर इथेच मिश्र दुहेरी जिंकली होती, आणि ग्रँड स्लॅम मिळवणारा पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव लागलं. पुढे २०१२ मध्ये सानिया मिर्झा-भूपती आणि २०१७ मध्ये रोहन बोपण्णा. आपलं या मातीशी नातं आहे ते असं, सगळं दुहेरीतलं. एकेरीत मुलांच्या गटात रमेश कृष्णनने १९७९ मध्ये जिंकलं, ते तिथेच राहिलं. पुण्यात बालेवाडीला २०१८ पासून काही वर्षं पुरुषांची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तीही हार्ड कोर्टवर. आमच्या तालुक्याच्या क्लबातलं मुरमाचं कोर्टही आता हिरव्या सिंथेटिकने झाकलंय. तिथे चेंडूचा ठसा उमटत नाही आणि झारीवाला शिपाईही लागत नाही.

ठशाचा जमाना एकूणच संपत आलाय म्हणा. २०२५ पासून पुरुषांच्या एटीपी दौऱ्यावर मातीच्या कोर्टांवरही रेषापंचांच्या जागी कॅमेरे आले. एप्रिलमध्ये माद्रिदला अलेक्झांडर झ्वेरेवने निर्णय न पटल्याने खिशातला नव्हे, बॅगेतला फोन काढून ठशाचा चक्क फोटो घेतला, आणि ताकीद ओढवून घेतली. त्याच महिन्यात आर्यना सबालेंकानेही श्टुटगार्टला तेच केलं. झ्वेरेवला दिसत होतं ते जमिनीवर होतं, निर्णय झाला होता तो यंत्रात. विम्बल्डननेसुद्धा त्या वर्षी रेषापंचांना निरोप दिला. चार ग्रँड स्लॅमपैकी पॅरिस तेवढं अजून माणसांवर आणि मातीवर विसंबून आहे. हा हट्ट किती दिवस टिकेल याची पैज मी लावणार नाही, पण तो टिकावा असं मला वाटतं. चुकीचा निर्णय देणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

बाकी त्या वर्षीच्या स्पर्धेने सगळ्यांचे पैसे वसूल केले. क्रमवारीत ३६१वी असलेली फ्रान्सची लोइस ब्वासों आयोजकांच्या मेहेरबानीने खेळली आणि थेट उपांत्य फेरीत पोचली. आदल्या वर्षी, याच स्पर्धेच्या तोंडावर, तिच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला होता. कोको गॉफ जिंकली. पुरुषांच्या अंतिम सामन्यात कार्लोस अल्काराझ दोन सेटने मागे होता, यानिक सिनरला विजेतेपदासाठी एक गुण हवा होता, आणि अशा तीन संधी अल्काराझने परतवल्या. सामना पाच तास एकोणतीस मिनिटं चालला. इथला तो सर्वांत लांबलेला अंतिम सामना. आमच्याकडे दोनदा चहा झाला, रात्रीचं जेवण ताटात गार झालं.

पण मला सांगायचंय ते त्याआधीच्या रविवारांपैकी पहिल्या रविवारचं, २५ मेचं. बूट अजून गॅलरीत उन्हात पडले होते. टीव्हीवर फिलिप शात्रिये हे मुख्य कोर्ट दिसत होतं. हजारो प्रेक्षकांनी विटकरी रंगाचे सदरे घातले होते आणि त्यावर राफाचे आभार छापले होते. राफाएल नदाल इथे चौदा वेळा जिंकला. खेळलेल्या ११६ सामन्यांपैकी हरला फक्त चार. त्याचे प्रतिस्पर्धी फेडरर, जोकोविच आणि मरे त्याला निरोप द्यायला आले होते. आणि मग जाळीच्या बाजूला जमिनीत बसवलेली एक पाटी दाखवली. तिच्यावर त्याच्या बुटाचा ठसा, चौदाचा आकडा आणि चषक. इथले बाकी सगळे ठसे सेट संपला की जाळीखाली जातात. हा कायमचा.

बायको भाजी निवडता निवडता बघत होती. म्हणाली, "खाचा आहेत ना त्यात. रोज सुरखी भरणार. रोज कुणाला तरी कुंचा घेऊन बसावं लागेल."